खरा धूर मागणाऱ्या काकू

आमच्या प्रयोगशाळेतल्या काकू चाचणी बिघडली की हसायच्या. गालातल्या गालात नाही, चांगल्या खदाखदा, टेबलाला धरून. बाहेर शेडमध्ये वेल्डिंग करणारी माणसं तोंडावरची काच वर करून आत बघायची आणि एकमेकांना म्हणायची, "आज काहीतरी फसलंय वाटतं." मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून थेंब जास्त पडला आणि जे द्रावण फिकट नारिंगी व्हायचं ते लालभडक झालं. माझा चेहरा रडवेला झाला. काकू मात्र पदराने डोळे पुसत हसत होत्या. "अगं, बिघडलं म्हंजे आता काहीतरी कळंल! सगळं बरोबर आलं की मला नुसती झोप येती."

कंपनी आमची चाकणच्या एमआयडीसीतली. आधी बॉयलर आणि धूळ पकडणारी यंत्रं बनवायची. मग विदर्भातल्या एका कोळशाच्या वीजकेंद्राने विचारलं, चिमणीतून जाणाऱ्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणारं छोटं यंत्र बनवून द्याल का? आमच्या साहेबांनी एका दमात हो म्हटलं. साहेब तसेच होते. आधी हो म्हणायचं आणि मग माणसं शोधायची. त्या शोधात मी सापडले. लातूरहून रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेली, चिखलीत तीन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहणारी, आणि रोज कंपनीच्या बसमध्ये चाकणच्या चौकात अर्धा तास अडकणारी. काकूंनी माझं नाव एकदाच विचारलं आणि लगेच विसरल्या. त्यानंतर मी कायमची "लातूर". "ए लातूर, बीकर धुतलं का?" "लातूर, डबा खाल्ला का गं?" तिसऱ्या महिन्यात पगाराच्या पाकिटावरही कुणीतरी पेन्सिलीने लातूर लिहिलेलं आढळलं.

काकू मात्र तिथल्याच. तिथल्याच म्हणजे अक्षरशः तिथल्या. कंपनी ज्या जमिनीवर उभी होती ती पूर्वी त्यांच्या सासऱ्यांची कांद्याची जमीन. नवीन माणूस आला की त्या त्याला शेडभर फिरवून दाखवायच्या. "हा पॅनल हाय न्हवं, हितं आमची विहीर व्हती. आणि तुमचे साहेब जिथं खुर्ची टाकून बसत्यात, तिथं म्हैस बांधायचो आमी." साहेब समोर असले तरी वाक्यात बदल नसायचा. बी. एस्सी. त्यांनी लग्नानंतर केली. कशी केली विचारलं तर म्हणायच्या, "मी घरात प्रत्येक गोष्टीला का, का करायची. कढी का फुटली, दूध का नासलं. सासूबाई म्हनल्या, हिला कॉलेजात घाला, निदान तिथल्या लोकांचं डोकं खाईल."

आमचं यंत्र म्हणजे दोन उंच नळकांडी मनोरे. पहिल्या मनोऱ्यात खालून धूर वर चढतो आणि वरून अमाइन नावाचं द्रावण खाली येतं. वाटेत ते धुरातला कार्बन डायऑक्साइड उचलतं. दुसऱ्या मनोऱ्यात ते द्रावण तापवलं की उचललेला वायू सुटतो, वेगळा गोळा करता येतो, आणि द्रावण पुन्हा पहिल्या मनोऱ्यात कामाला लागतं. मला हे समजावायला कॉलेजने एक अख्खं सत्र घेतलं होतं. काकूंनी ते बॉयलर सांभाळणाऱ्या सावंत भाऊंना चहाच्या सुट्टीत समजावलं. "हे बघा सावंत भाऊ, कार्बन डायऑक्साइड हा पाव्हणा. येतो, बसतो, जरा ऊन झालं की उठून जातो. पण धुरात त्याच्यासंगं गंधकाचा वायू येतो. तो घरजावई! एकदा अमाइनच्या घरात शिरला की किती बी तापवा, हलायचा न्हाई. बसून खातो नुसता. चार घरजावई झाले की पाव्हण्याला बसायला जागा राहात न्हाई." सावंत भाऊ मालवणचे. स्वतः सासुरवाडीला राहणारे. ते शांतपणे म्हणाले, "काकू, दुसरा उदाहरण द्या." त्या दिवशी सुट्टी संपल्याची बेल कुणालाच ऐकू आली नाही, इतके आम्ही हसत होतो.

यंत्र तयार झालं तेव्हा साहेबांनी चाचणी घ्यायला बाजारातून सिलिंडर आणले. एकात शुद्ध कार्बन डायऑक्साइड, दुसऱ्यात शुद्ध नायट्रोजन. दोन्ही मोजून मिसळायचे आणि त्यालाच धूर म्हणायचं. तीन आठवडे यंत्र असं चाललं की काही विचारू नका. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ, आकडे सगळे अपेक्षेपेक्षा सरस. साहेब आनंदाने शिट्टी वाजवत फिरायचे. काकू मात्र रोज नमुना काढायच्या, बाटली उजेडाला धरायच्या आणि जांभई द्यायच्या.

"साहेब, ह्या धुराला आंघोळ घातलेली हाय," त्या एक दिवस म्हणाल्या. "खरा धूर असा नसतो. त्यात राख असती, गंधक असतं, नायट्रोजनचे तिखट वायू असत्यात. मला खरा धूर पाहिजे."

साहेबांना हे नको होतं. कारण काकूंचं म्हणणं मानलं तर धूर आत घेण्याआधी तो सोड्याच्या पाण्याने धुणारा तिसरा मनोरा लावावा लागला असता, आणि साहेबांनी यंत्र दोन मनोऱ्यांचं, एका ट्रकवर मावणारं, असं सांगून ठेवलं होतं. त्यांनी बैठक बोलावली. "काकू, आपल्या देशातल्या कोळशात गंधक कमी असतं. हे तर पुस्तकात आहे."

"कमी असतं, व्हय," काकू म्हणाल्या. "नसतं असं कुटं लिवलंय?"

साहेब माझ्याकडे वळले. "तू सांग. तीन आठवड्यांत तुला काही अडचण दिसली?"

मला दिसली नव्हती, हे खरं होतं. ती दिसणारच नव्हती, हेही मला माहीत होतं. सिलिंडरमधल्या वायूने घाण कुठून यावी? पण मला नोकरीला लागून सहाच महिने झाले होते आणि साहेब थेट डोळ्यांत बघत होते. मी म्हणाले, "नाही सर." बैठक संपली.

जेवणाच्या सुट्टीत मी काकूंच्या टेबलाकडे जायचं टाळलं आणि पायरीवर बसून डबा उघडला. पाच मिनिटांत त्या स्वतःचा डबा घेऊन शेजारी येऊन बसल्या. माझ्या डब्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा ठेवला. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तुझी नोकरी नवी हाय, म्हणून तुला भीती वाटती. माझी जुनी हाय, म्हणून मला मजा वाटती. खा." मी भाकरीचा तुकडा मोडून ठेच्याला लावला. मी रडले असं त्या नंतर सगळ्यांना सांगायच्या. ठेचा तिखट होता, असं मी सांगते.

काकू भांडत बसल्या नाहीत. त्यांनी तीन बाटल्यांत अमाइन घेतलं आणि तिन्ही कोमट पाण्याच्या टबात ठेवल्या. पहिलीत सिलिंडरचा स्वच्छ वायू सोडला. दुसरीत त्याच्याबरोबर जरासा गंधकाचा वायू. तिसरीत हे सगळं आणि वीजकेंद्राहून आलेल्या राखेचा एक चमचा. पंधरा दिवस त्या बाटल्यांना कुणालाही हात लावू दिला नाही. पहिली तशीच राहिली. दुसरी पिवळसर झाली. तिसरी आधी तांबूस, मग तपकिरी होत गेली. हलवली की तिच्यावर जाड फेस यायचा आणि बसायचं नाव घ्यायचा नाही. एकदा साहेब आत आले, तिसऱ्या बाटलीकडे बघून वैतागले. "लॅबमध्ये कोरा चहा कुणी ठेवलाय?"

"चहा न्हाई साहेब, तुमचं अमाइन हाय ते," काकू म्हणाल्या आणि अशा काही हसल्या की साहेबांनाही हसू आवरेना. त्या हसण्यातच त्यांनी साहेबांना पकडलं. "मला तीन दिवस द्या. मागच्या शेडातला जुना कोळशाचा बॉयलर पेटवू द्या. त्याचा धूर यंत्रात सोडते. तीन दिवस चाललं तर मी परत तोंड उघडायची न्हाई."

काकू परत तोंड उघडणार नाहीत, या आशेनेच साहेबांनी परवानगी दिली असावी.

वीजकेंद्राहून कोळशाची पोती आली. सावंत भाऊंनी नारळ फोडून बॉयलर पेटवला. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी द्रावण पिवळं झालं आणि काकू गुणगुणायला लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फाटकातून एक जीप आत आली. वीजकेंद्राचे अभियंते परवा येणार होते, ते आजच आले. वऱ्हाडातले, धिप्पाड, झुबकेदार मिशांचे. "पुण्यात दुसरं काम होतं, म्हटलं जाता जाता पाहून घेऊ," ते म्हणाले. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. यंत्र बंद करा म्हणून सांगायलाही वेळ नव्हता, कारण पाहुणे थेट मनोऱ्याखाली जाऊन उभे राहिले होते आणि कौतुकाने वर बघत होते.

तेवढ्यात पहिल्या मनोऱ्याच्या पोटात गुडगुड झाली. सावंत भाऊ मागून ओरडले, "काकू, फेस इलो! फेस इलो!" आणि मनोऱ्याच्या टोकावरच्या नळीतून तपकिरी फेसाचा एक लांबलचक दोर बाहेर आला. आधी सावकाश, मग भसाभसा. एक गोळा पत्र्यावर पडला, दुसरा साहेबांच्या नव्या पांढऱ्या गाडीच्या टपावर, आणि तिसरा गाडीच्या काचेवरून सावकाश घसरत बॉनेटवर येऊन बसला. कुजलेल्या मासळीसारखा वास सुटला.

"ब्लोअर बंद कर, लातूर!" काकू ओरडल्या. मी धावत जाऊन धूर आत ढकलणाऱ्या त्या पंख्याचं बटण दाबलं. "कुणी हात लावू नका! भाजतंय ते! पाव्हणं, तुमी मागं व्हा! पाणी मारा, पाणी!" वेल्डिंगवाले पाइप घेऊन आले. पाण्याचा जोर इतका की फेस बसायच्या ऐवजी आधी चार ठिकाणी उडाला. त्या धावपळीत कुणाला काही लागलं नाही, ही देवाची कृपा. पाहुणे पत्र्याच्या आडोशाला उभे राहून म्हणत होते, "अरे बाप्पा! अरे बाप्पा रे!" आणि काकू रबरी हातमोजे घालून, चष्मा लावून, पायांत गमबूट चढवून, त्या सगळ्याच्या मधोमध हातात बाटली धरून नमुना घेत होत्या. आणि हसत होत्या. आता मात्र मला त्यांची भीती वाटली. तीस माणसांचं काम त्या यंत्रावर होतं.

सगळं शांत झाल्यावर पाहुण्यांनी विचारलं, "हे कोणी केलं?"

काकू पुढे झाल्या. "मी केलं. सिलिंडरच्या गॅसवर हे मशीन झकास चालतंय. तुमच्या धुरावर तीन दिवस बी टिकलं न्हाई, ते तुमी बघितलं."

पाहुण्यांनी त्यांच्या हातातली बाटली घेतली, झाकण पक्कं आहे का बघितलं, रुमालात गुंडाळली आणि पिशवीत टाकली. चहासुद्धा न घेता ते गेले.

पुढचे दोन आठवडे फार वाईट गेले. साहेब काकूंशी बोलत नव्हते. त्यांना काही सांगायचं असलं तर मला सांगत, आणि मी सहा पावलं चालून काकूंना सांगत असे. काकूही उत्तर माझ्याकडेच देत. मध्येच गंमत म्हणून, "साहेबांना सांग, गाडीवरचा डाग लिंबानं जाईल," असे निरोप पाठवायच्या, ते मी पोहोचवले नाहीत. शेडमध्ये लोक हळू आवाजात बोलायचे. काम गेलं तर कुणाकुणाला घरी बसावं लागेल, याचे अंदाज चालायचे. एका दुपारी मी बघितलं तर काकू नळापाशी एकट्याच उभ्या होत्या आणि कधीचाच स्वच्छ झालेला एक बीकर धूत होत्या. "माझंच चुकलं का गं?" त्यांनी विचारलं. "चार दिवस थांबून सांगितलं असतं तर? ह्या पोरांच्या घरी चुली हायत." मी दुसरा बीकर घेतला आणि शेजारी उभी राहून धुवायला लागले.

मग पत्र आलं. साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. पाहुण्यांनी लिहिलं होतं की त्यांच्याकडे याआधी एका पुरवठादाराने असंच यंत्र बसवलं होतं, सगळी प्रमाणपत्रं उत्तम होती, आणि पंधरवड्यात द्रावण तपकिरी होऊन ते बंद पडलं. का पडलं हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. तुमच्याकडच्या बाटलीमुळे ते कळलं. काम तुम्हीच करा, पण आधी धूर धुणारा मनोरा बसवा आणि महिनाभर खऱ्या धुरावर चालवून दाखवा. साहेबांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. मग ते काकूंकडे गेले आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. "काकू, तिसरा मनोरा किती उंच घेऊ?"

काकूंना हसू फुटलं आणि रडूही. दोन्ही एकदम आलं की माणसाला उचकी लागते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

तिसरा मनोरा झाला. मग कळलं की तेवढ्याने भागत नाही. धुरात इतके बारीक तुषार होते की ते धुणाऱ्या पाण्यालाही सापडत नव्हते, आणि बाहेर पडताना अमाइन चोरून सोबत नेत होते. त्यासाठी वर वेगळी जाळी बसवावी लागली. नायट्रोजनच्या वायूंनी द्रावणात जे नवे पदार्थ तयार होत होते त्यातले काही माणसाच्या तब्येतीला वाईट, म्हणून त्यांच्यावर रोज नजर ठेवावी लागली. प्रत्येक नव्या भानगडीला काकूंचा उत्साह दुप्पट व्हायचा. "आला, अजून एक आला!" असं म्हणत त्या साडीचा काष्टा खोचल्यासारख्या बाह्या वर करायच्या. महिना संपला तेव्हा द्रावण फिकट पिवळं होतं, आणि साहेबांनी त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. कुणालाच तो कशाचा आहे ते कळलं नाही. बहुतेकांनी तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.

यंत्र विदर्भात गेलं, आणि त्याच वर्षी काकू निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात भाषण करायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला बोलता येत न्हाई," आणि पाऊण तास बोलल्या. आता त्यांच्या टेबलावर मी बसते. नव्याने आलेली मुलं सुंदर आकडे घेऊन येतात, तेव्हा मी त्यांना विचारते, हा वायू कुठून आणलास? त्यांना वाटतं मी खडूस आहे. पण मागच्या वर्षी अशाच एका बैठकीत साहेबांनी मला पुन्हा विचारलं, "अडचण नाही ना काही?" आणि मी म्हणाले, "आहे सर. बसा, सांगते."

काकूंनी वीजकेंद्र कधी पाहिलं नव्हतं. यंत्र नीट चालायला लागल्यावर मी त्यांना घेऊन गेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी काठी न घेता चालल्या. ते मिशांवाले वऱ्हाडी अभियंते स्वतः फाटकापर्यंत आले. आमचे तीन मनोरे चिमणीच्या पायथ्याशी उभे होते. चाकणला ते आभाळाला टेकल्यासारखे वाटायचे. इथे ते चिमणीच्या घोट्याशीही पोहोचत नव्हते.

"यातला किती धूर आपल्या मशीनमध्ये येतो?" काकूंनी विचारलं.

"चिमूटभर, काकू," ते अभियंते संकोचून म्हणाले. "हा नमुनाच आहे ना. बाकी सगळा वरतीच चालला."

मला वाटलं, काकू हिरमुसतील. इतकी वर्षं, इतका फेस, आणि एवढंसंच? त्यांनी मान वर करून धुराकडे बघितलं. मग टाळी वाजवली. "म्हंजे लय काम शिल्लक हाय की गं! मला वाटलं सगळं झालं, म्हणून मी घरी बसले!"

निघताना त्यांना फोटो हवा होता. अट एकच, चिमणी पूर्ण आली पाहिजे, टोकासकट. मी मागे मागे सरकत राहिले, रस्ता ओलांडला, कोळशाच्या मालगाडीच्या रुळांपर्यंत गेले, तेव्हा कुठे ती मावली. तो फोटो त्यांनी मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. आल्यागेल्याला दाखवतात. पाहुणे चष्मा लावून, नाक काचेला टेकवून शोधत राहतात आणि शेवटी विचारतात, "पण यात तुम्ही कुठे आहात?"

"नीट बघा," काकू म्हणतात. "खाली. हात वर केलाय बघा, ती मी."